मडक्यावरची खिडकी

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी ही उजळणी, आणि लोकलच्या गर्दीत अर्धा ऐकून उतरावं लागलेल्यांसाठी हा पूर्ण मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढून टाकलेत.

सुरुवातीला एक प्रश्न. शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट दिलीये का? दिली असेल तर तुम्ही मडकं काढलंय. टेबलावर चुरगळलेलं कापड, त्यावर मडकं, शेजारी दोन कांदे, एखादं वांगं. आणि मडक्याच्या पोटावर, वरच्या डाव्या बाजूला, चार खणांची एक छोटी पांढरी खिडकी. हायलाइट! आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलेलं, "एवढी खिडकी कोरी सोडा, मडकं आपोआप गोल दिसतं, ग्रेड पक्की." मी सोडली. माझ्या पुढच्याने सोडली, मागच्याने सोडली. त्या वर्गात उजेड ट्यूबलाइटचा होता.

ही खिडकी माझ्या डोक्यात परत आली ती यंदाच्या उन्हाळ्यात.

मी राहतो कोनला. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलात की आमचं गाव. आमच्या स्वयंपाकघरात तिवईवर एक माठ होता, मला कळायला लागलं तेव्हापासूनचा. मार्चमध्ये तो गळायला लागला. म्हणजे माठ पाझरतोच, त्याचं कामच ते. पण आता तिवईखाली थारोळं साचायला लागलं. आईने नवा आणला आणि जुना गॅलरीत गेला. तुळस लावायची की टाकून द्यायचा, हे ठरायचं होतं.

माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला वॉटरकलरचा डबा कपाटात पडून होता. म्हटलं, जायच्या आधी याचं एक चित्र काढू. कागद घेतला, मध्यरेषा मारली, दोन्ही बाजू सारख्या केल्या, तोंडाला लंबवर्तुळ, पोटावर खिडकी. चाळीस मिनिटांत तयार. आजीला दाखवलं.

"हा कुणाचा माठ?"

"आपलाच आहे, आजी."

"आपला असा नाही."

तिला मोतीबिंदू आहे, म्हणून मी आधी हसण्यावारी नेलं. मग गॅलरीत जाऊन माठाकडे नीट बघितलं. आजी बरोबर होती. मी समोरचा माठ काढलाच नव्हता. मी आठवीतला माठ काढला होता.

मग प्रश्न पडला की हे मडकं आपल्या सगळ्यांच्या ड्रॉइंगच्या टेबलावर आलं कुठून? आजचा एपिसोड त्याबद्दल आहे.

मडकं टेबलावर कसं आलं

१८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रचंड मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. हिंदुस्थानी कारागिरांच्या वस्तू बघून तिथल्या जाणकारांनी तोंडात बोटं घातली. त्यापुढे त्यांचा स्वतःचा यंत्रावरचा माल त्यांनाच बेढब वाटायला लागला. माल सुधारायचा तर माणसांना चित्र काढता आलं पाहिजे, असं ठरलं. हेन्री कोल यांच्या पुढाकाराने तिथे कलाशिक्षणाची एक सरकारी यंत्रणा उभी राहिली. तीच पुढे साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणून ओळखली गेली.

त्याच सुमारास इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कलाशाळेसाठी १ लाख रुपये देऊ केले. साल १८५३. शाळा प्रत्यक्ष सुरू झाली १८५७ मध्ये. तेच आपलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ साली तिथे शिकवायला जॉन लॉकवुड किपलिंग आले, आणि त्याच डिसेंबरमध्ये मुंबईत त्यांच्या मुलाचा जन्म झाला. तो मुलगा म्हणजे 'जंगल बुक'वाला रुडयार्ड किपलिंग.

शिकवण्याचा साचा केन्सिंग्टनहून आला. तिथल्या अभ्यासक्रमाचे २३ टप्पे होते. आधी रेषा आणि भूमिती, सपाट नमुन्यांची नक्कल, मग घनवस्तू, मग छायाप्रकाश, मग रंग. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आठवतंय? साधारण तीच शिस्त. मोठे चित्रकार घडवणं हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. कारखान्याला आणि कारागिराला अचूक हात हवा होता. समोर वस्तू ठेवा, नीट बघा, मोजा, काढा. आता घरोघरी सहज मिळणारी, गोल, हातात मावणारी, फुटली तर फार वाईट वाटणार नाही अशी वस्तू कोणती? तुम्हीच सांगा.

गंमत अशी की जे. जे.मध्ये मडकी नुसती काढली गेली नाहीत, घडवलीही गेली. शाळेचे सुरुवातीचे शिक्षक आणि अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात तिथे कुंभारकामाचा विभाग चालवला. सिंधची चकचकीत झिलईची भांडी तेव्हा नावाजलेली होती, म्हणून तिकडचे कुंभार आणले गेले. त्याच दशकात जॉन ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. त्या चित्रांमधले आकार या भांड्यांवर उतरले. ती भांडी प्रदर्शनांत गेली, परदेशी संग्रहांत गेली. आज त्यांना 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट पॉटरी' म्हणतात.

आणि ती घडवणारे? १८८० साली जॉर्ज बर्डवुड यांचं 'दि इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. बर्डवुड मुंबईत डॉक्टर म्हणून राहिलेले, इथल्या कारागिरीवर मनापासून प्रेम करणारे. गावाच्या वेशीवर चाक फिरवत बसलेल्या पिढीजात कुंभाराचं त्यांनी फार सुंदर वर्णन केलंय. पण त्या कुंभाराला नाव नाही. 'हिंदुस्थानातला कुंभार' एवढीच त्याची ओळख. टेरींचं नाव राहिलं, ग्रिफिथ्सचं राहिलं, बर्डवुडचं राहिलं.

पुढे ब्रिटिश गेले, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६५ साली राज्याचं स्वतंत्र कला संचालनालय झालं. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या ड्रॉइंगच्या परीक्षा आता तेच घेतं. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. इंटरमिजिएटच्या ग्रेडप्रमाणे दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. गुण आले की त्यांच्या मागोमाग क्लास येतात, आणि क्लास आले की सूत्रं येतात.

मला परीक्षेला नावं ठेवायची नाहीत. ती नसती तर माझ्या हातात ब्रश कधी आलाच नसता. पेपर आजही तेच सांगतो, समोरची वस्तू बघून काढा. पण वेळ मोजका, तपासणाऱ्यासमोर गठ्ठा, आणि पालकांना ग्रेड हवी. मग मुलं समोरच्या मडक्याकडे न बघता मडकं काढायला शिकतात. आमच्या धंद्यात यालाच टेस्ट केस पास करण्यापुरता कोड लिहिणं म्हणतात. चालतो तो. पण खऱ्या डेटावर आपटतो.

दुसरं चित्र

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गॅलरीत बसलो. रस्त्यावर गोडाउनचे ट्रक सुरू व्हायच्या आधीचा उजेड बरा असतो. यावेळी ठरवलं, पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल उचलायची नाही.

पहिली गोष्ट दिसली ती ही की खिडकी नव्हतीच. झिलई नसलेली भाजकी माती चमकत नाही. तिचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, उजेड सगळीकडे विखुरतो. खिडकीचं प्रतिबिंब पडायला काच लागते, पितळ लागतं, नाहीतर टेरींच्या भांड्यांसारखी झिलई. पाण्याच्या माठावर उजेड एका कडेने येतो आणि कुठे संपला ते कळू न देता संपतो. इतकी वर्षं मी मातीच्या मडक्यावर चिनीमातीचा हायलाइट देत होतो!

दुसरी गोष्ट. तोंडाचा काठ अगदी नीट गोल होता, म्हणजे माझ्या जागेवरून नीट लंबवर्तुळ. गळ्याभोवती बारीक आडव्या रेघा होत्या, गोल फिरत गेलेल्या. पण पोट? पोट डावीकडे जास्त फुगलं होतं. त्यावर छोटे छोटे, जेमतेम जाणवणारे सपाट ठसे होते. मध्यरेषा मारून दोन्ही बाजू सारख्या केल्या की हे सगळं पुसलं जातं. मी तेच केलं होतं.

हे असं का, ते माठ घडतो कसा यात आहे. अख्खा माठ चाकावर होत नाही. चाकावर गळा आणि तोंड होतं, आणि खाली जाड भिंतीचं ओबडधोबड अंग. ते चाकावरून उतरवून जरा सुकू देतात. मग कुंभार एका हाताने आतून गोल दगड धरतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जातो. ठोकता ठोकता भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड मिटतं. म्हणून गळा चाकाचा आणि पोट हाताचं. ते सपाट ठसे म्हणजे एकेक थाप.

थापटणं म्हटल्यावर तुम्हाला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली असेल. तेरचे संत गोरा कुंभार. संतांचा मेळा जमलेला असतो. मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? ते म्हणतात, थापटणं, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग ती म्हणते, आमचीही मडकी तपासा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, आणि नामदेव कच्चे निघतात. लहानपणी मला ही गोष्ट गमतीची वाटायची. आता वाटतं, थापेच्या आवाजावरून आतलं ओळखणाऱ्या माणसाचीच ही गोष्ट असू शकते. आजीही बाजारात माठ घेताना बोटाच्या पेरांनी वाजवून बघते. टणटणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे.

आता रंग. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग वापरायचा नाही असा शिरस्ता आहे. उजेड हवा तिथे कागद कोरा ठेवायचा. गडद करता येतं, परत उजळ करणं अवघड. म्हणजे उजेड कुठे आहे ते आधी बघावं लागतं, मग ब्रश. महाराष्ट्रात ही गोष्ट ज्यांनी कमालीच्या संयमाने केली त्यांत सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर येतात. १८८२ चा जन्म, जे. जे.चे विद्यार्थी. हातात दिवा धरलेल्या बाईचं त्यांचं चित्र, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते तेलरंगातलं वाटतं, पण आहे वॉटरकलर. समोर त्यांचीच मुलगी उभी होती. दिव्याचा उजेड बोटांतून झिरपून चेहऱ्यावर चढलेला दिसतो, आणि त्या उजेडाला कुठेच कडक कड नाही.

माझी उडी अर्थात माठापर्यंतच. डब्यातला बर्न्ट सिएना उघडला आणि त्याच्या नावावर अडकलो. सिएना हे इटलीतलं शहर. तिथल्या मातीवरून रंगाचं नाव पडलं. कच्ची सिएना माती पिवळट असते. भाजली की तिच्यातल्या लोहाशी बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती लालसर होते, म्हणून बर्न्ट, म्हणजे भाजलेली. आणि माठ? तेच. लोह असलेली माती भट्टीत हवा खेळती असताना भाजली की लाल होते. जिथे हवा कोंडली, धूर लागला, तिथे काळा डाग राहतो. आमच्या माठावर उजव्या बाजूला असा एक काळपट ढग आहे. हल्ली ट्यूबमधला रंग बहुधा कारखान्यात बनवलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा असतो, पण रसायन तेच. म्हणजे मी भाजलेल्या मातीचं चित्र भाजलेल्या मातीच्याच रंगाने काढत होतो, पाण्यात कालवून. आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरं काय लावणार?"

खालच्या भागावर पांढरट खार फुटला होता. पाणी मातीतून बाहेर येतं, उडून जातं, जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून माठातलं पाणी गार. पण पाण्यातले क्षार मागेच राहतात. वर्षानुवर्षं ते छिद्रांत बसत जातात आणि जुना माठ पाणी पूर्वीसारखं गार करत नाही. त्या खारासाठी मी कागद तसाच सोडला. परीक्षेतली खिडकी डावीकडे वर होती. खरं पांढरं उजवीकडे खाली निघालं.

सोन्याच्या डबीतली खापरं

आमच्या दारातली खाडी पुढे वसईला समुद्राला मिळते. तिथून जवळच सोपारा, आजचं नालासोपारा. एकेकाळचं मोठं बंदर. एप्रिल १८८२ मध्ये तिथल्या बुरुड राजाचा कोट नावाच्या टेकाडावर पंडित भगवानलाल इंद्रजींनी खोदकाम केलं. भगवानलाल मूळचे जुनागढचे. गिरनारच्या शिलालेखाची नक्कल करता करता ते लिपी वाचायला शिकले आणि पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करू लागले. म्हणजे बघून हुबेहूब उतरवणं हाच त्यांचा पाया.

ते टेकाड म्हणजे बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, त्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं होती, आणि मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे.

खापरं! एवढ्या थरांच्या आत सोन्यापेक्षा जपून ठेवलेलं काय, तर खापरं. भगवानलालांनी ती बुद्धांच्या भिक्षापात्राची असावीत असा अर्थ लावला. हे सगळं आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. ते पात्र खरंच कुणाचं होतं हा श्रद्धेचा भाग. पण कुणीतरी ते फेकून द्यायच्या लायकीचं मानलं नाही, आणि दीड-दोन हजार वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी त्या तुकड्यांकडे 'खापरं आहेत' म्हणून दुर्लक्ष केलं नाही. उत्खननात बहुतेक वेळा सगळ्यात जास्त सापडतात ती खापरंच. काठाचा आकार, रंग, मातीची जाडी बघून, काढून, तुलना करून जुन्या वस्त्यांचा काळ लावतात. तिथे मध्यरेषेचं सूत्र मारून चालत नाही. काठ थोडा बाहेर वळलाय की आत, यावरून शतक बदलू शकतं.

नाव

तीन सकाळी लागल्या. चित्र काही ग्रेट नाही. काळा ढग जरा चिखलट झालाय, तिवईचा एक पाय हवेत आहे. पण तिसऱ्या दिवशी गळ्याच्या खाली मला एक गोष्ट दिसली, जी घरात इतकी वर्षं माठ असून कधी दिसली नव्हती. एक उथळ खळगा आणि शेजारी दोन लहान. माठ ओला असताना कुणीतरी तिथे धरून उचलला होता. अंगठा आणि दोन बोटं. मी माझा अंगठा ठेवून बघितला. माझ्यापेक्षा लहान हात होता.

आमच्याकडे कोडची प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली ते एका कमांडने कळतं. गिट ब्लेम म्हणतात त्याला. माठावर तशी नोंद एवढीच, अंगठा आणि दोन बोटं.

आजीला विचारलं, माठ कुणाकडून घेतलेला? कल्याणच्या बाजारातून. कुणाकडून पण? "कुंभाराकडून." नाव? ती बराच वेळ आठवत बसली. बायको यायची बरोबर, म्हणाली, तीच पैसे घ्यायची. उधारी ठेवायचे. पावसाळ्यात दिसायचे नाहीत. नाव आठवेना. "आम्ही त्याला कुंभारच म्हणायचो," ती म्हणाली, आणि तिला जरा अपराधी वाटलं असं मला वाटलं.

बर्डवुडसाहेबांवर मघाशी मी किती सहज बोट ठेवलं होतं.

चित्र तिच्या हातात दिलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवत गळ्याखाली आली आणि थांबली. "हा इथे दबलेला होता. कळशी लावताना हात बसायचा तिथे." म्हणजे तिला माहीत होतं. रोज पाणी भरणाऱ्या हाताला माहीत होतं, डोळ्यांनी बघणाऱ्या मला नव्हतं.

उजव्या कोपऱ्यात सही करायची सवय असते. पेन्सिल टेकवली आणि थांबलो. मग कागद उलटा करून मागे लिहिलं: 'आमचा माठ, कोन. घडवणारा कल्याणच्या बाजारातला कुंभार. नाव विचारायचं राहिलं.' त्याखाली माझं नाव.

माठात आता तुळस आहे.

तर मंडळी, आजचा होमवर्क. घरातलं एक मातीचं भांडं घ्या. माठ, पणती, बोळकं, काहीही. पहिली पंधरा मिनिटं फोन लांब ठेवून नुसतं बघा, मग काढा. चित्र वाईट आलं तरी पाठवा. आणि या उन्हाळ्यात रस्त्याकडेला माठ घेतलात तर वाजवून घ्या, भाव करा हवं तर, पण घडवणारा समोर असेल तर त्याचं नाव विचारा आणि माठाच्या बुडावर पेन्सिलने लिहून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडला.